भायर म्हणजे खंय?

आमच्या घोडपदेवच्या चाळीत तुम्ही काल काय जेवलात, हे तुमच्याइतकंच परबकाकांनाही ठाऊक असतं.

सकाळी साडेसहाला ते बादली घेऊन तिन्ही मजले फिरायचे. दारावर टकटक आणि लगेच ओल्या कचऱ्याच्या डब्यात डोकं. "काल तुझ्याकडे पावणे इल्ले. कांद्याची सालां पाच माणसांची आसत." शेजारच्या सावंतवहिनींना त्यांच्या मुलीबद्दल म्हणायचे, "चेडू रुसलाहा काय गो? चपाती तशीच परत इली." हा सगळा कचरा गॅलरीच्या टोकाला त्यांच्या पिंपांत जायचा. त्याचं खत व्हायचं, खतावर कढीपत्ता वाढायचा आणि तो पुन्हा आमच्याच फोडणीत यायचा. मासे धुतलेलं पाणीही ते मागून न्यायचे. बोंबलाच्या पाण्यावर अळू पोसतं, असं त्यांचं ठाम मत.

काका गिरणीत कताई खात्यात होते. तिथे जमिनीवरून झाडलेला कापूससुद्धा पुन्हा कामाला यायचा. गिरणी बंद पडली, सवय चालू राहिली. माझ्या लग्नातल्या शर्टाची त्यांनी बाजाराची पिशवी शिवली आहे. बाह्या तशाच ठेवून टोकाला गाठी मारल्यात. एका बाहीत मिरच्या, दुसरीत लिंबं. माझा शर्ट असा भाजी घेऊन निघाला की मी दुसरीकडे बघतो.

आता माझं पाप सांगतो. एका रविवारी बायको माहेरी होती आणि मी बिर्याणी मागवली. प्लास्टिकचे चार डबे. काका बघतील म्हणून ते ऑफिसच्या बॅगेत कोंबले. सोमवारी ऑफिसच्या कचरापेटीत टाकणार होतो. सकाळी काकांनी माझ्या डब्यात पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"हाडां आसत, पण कांद्याची साल नाय. कोंबडी कच्चीच खाल्लंस?"

"मागवली होती, काका."

"मगे तेचे डबे खंय?"

"टाकले बाहेर."

"भायर म्हणजे खंय?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. बाहेर म्हणजे कुठे? प्लास्टिक बाहेर, थर्माकोल बाहेर, सगळंच बाहेर. ते बाहेर नेमकं आहे तरी कुठे? चाळीत आजवर कुणालाही याचं उत्तर देता आलेलं नाही. मी मुकाट्याने बॅग उघडली. त्या चार डब्यांत आज मिरचीची रोपं आहेत. जाता-येता ती माझ्याकडे बघतात.

गेल्या वर्षी काकांचा गुडघा दुखायला लागला. दर चार पायऱ्यांनी ते कठडा धरून थांबायचे. मला बघवेना. मी चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी. मीटिंगमध्ये ठराव मांडला की तळमजल्यावर दोन ड्रम ठेवू, ज्याने त्याने आपला कचरा खाली नेऊन टाकायचा, खतवाल्यांची गाडी रोज येऊन घेऊन जाईल आणि काकांना आराम मिळेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका एवढंच म्हणाले, "बरां केलंस."

पुढचा आठवडाभर मी स्वतःवर खूश होतो. असे आठवडे माझ्या वाट्याला फार येत नाहीत.

मग एका सकाळी साडेसहाला दूध घ्यायला दार उघडलं, तर काका गॅलरीत उभे. अंघोळ झालेली, केस विंचरलेले, हातात रिकामी बादली.

"कुठे निघालात, काका?"

"खंय नाय." ते वळले आणि घरात गेले.

मी मागोमाग गेलो. "बस, चाय टाकतंय," म्हणत ते गॅसकडे वळले. दाराशी त्यांचा स्वतःचा डबा होता. अकरा वर्षं त्यांनी माझा डबा वाचला होता, त्यांच्या डब्यात मी एकदाही डोकावलो नव्हतो. आता डोकावलो. तळाला एका कपाचा चहाचा चोथा. एका अंड्याचं टरफल. अर्ध्या कांद्याची साल. उरलेला अर्धा ओट्यावर वाटीखाली झाकलेला, उद्यासाठी.

काकांचा मुलगा बदलापूरला राहायला गेला, त्याला चार वर्षं झाली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण चाळीतली बावीस दारं मी त्यांच्यासाठी बंद केली होती, आणि वर टाळ्या घेतल्या होत्या.

"काय बघतंस रे?"

"काका, माझा ठराव चुकला."

"कित्याक? गुडघो बरो आसा आता."

"तुम्ही नका फिरू. चाळच तुमच्याकडे आली तर चालेल?"

त्यांनी चहात साखर दोनदा घातली.

पुढच्या मीटिंगमध्ये मी माझाच ठराव मागे घेतला. आता काका आपल्या दाराशी स्टुलावर बसतात आणि सकाळी त्यांच्यापुढे डब्यांची रांग लागते. सावंतवहिनी ओरडतात, "काका, हळू वाचा, सासूबाई मागे उभ्यात!" सगळी गॅलरी हसते.

पण माझ्या मनात राहिली आहे ती त्या चहाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो होतो आणि नकळत डब्यात नजर गेली. चोथा दोन कपांचा होता. काकांनी मला बघताना पकडलं. मग ताठ बसून, अख्ख्या चाळीला बातमी द्यावी तसे म्हणाले,

"काल पावणो इल्लो."