कॉफी न पिणाऱ्यांनी दिलेला पंप

खिरबत लौज गावात एक विहीर आहे, विहिरीत पाणी आहे, आणि ते पाणी वर यावं म्हणून एक पंपही होता. गेल्या उन्हाळ्यात तो जळाला. तेव्हापासून गावातल्या बाया डोंगराखालच्या झऱ्यावरून डोक्यावर पाणी आणू लागल्या आणि गावातले पुरुष या प्रश्नाचा गांभीर्याने विचार करू लागले.

विचारान्ती असं ठरलं, की पंप कुठल्यातरी प्रतिष्ठानाकडून मिळवावा. गावचे मुख्तार अबू नायल, म्हणजे ज्यांच्या बैठकीत गावाचे सगळे निर्णय आणि सगळी कॉफी होते ते, यांनी रफ्रूफ गाद्या कंपनीच्या समाजविकास प्रतिष्ठानाकडे अर्ज केला.

प्रतिष्ठान दरवर्षी एक विषय ठरवतं. गेल्या वर्षी विषय होता ‘युवाशक्ती’, त्यामुळे ज्या गावांनी रस्ता मागितला त्यांना टी-शर्ट मिळाले. यंदाचा विषय ‘चिवटपणा’. जे गाव पंपावाचून उत्तम तगून राहील त्याला पंप देण्यात येणार होता. मात्र एखादं गाव फारच उत्तम तगलं, तर त्याला पंपाची गरज नाही असं समजलं जाणार होतं. खिरबत लौज नेमकं हवं तेवढंच तगलेलं निघालं. निवड झाली. प्रत्यक्ष पाहणी तेवढी राहिली.

पाहणीला लुआय नावाचा प्रकल्प अधिकारी आला. पोरगा वाढला दुबईत, शिकला कॅनडात, आणि आमच्यासारख्या गावांवर त्याने मोठा प्रबंध लिहिला होता. अबू नायलच्या बैठकीत सगळे कर्ते पुरुष जमले. कॉफी आली. लुआयला पित्ताचा त्रास असल्यामुळे डॉक्टरांनी कॉफी बंद केलेली. पण नाही म्हणणं बरं दिसणार नाही, म्हणून त्याने कप घेतला, आभार मानले आणि तो अलगद आपल्यासमोर जमिनीवर ठेवला.

बैठकीतले सगळे त्या कपाकडे बघू लागले.

पाहुण्याने कॉफी न पिता कप खाली ठेवला, की आमच्याकडे त्याचा अर्थ एकच: मी काहीतरी मागायला आलोय, आणि ते मिळाल्याशिवाय घोट घेणार नाही. ज्याच्या घरात अशी कॉफी निवते, त्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. असाच एक कप खाली ठेवून अबू नायलच्या आजोबांकडून एका खुनाची माफी मिळवली गेली होती. दुसऱ्या एका कपापायी त्यांना धाकटी बहीण शेजारच्या गावात द्यावी लागली. त्यानंतर आला तो लुआयच्या पित्ताचा कप.

“कॉफी घ्या, उस्ताज,” अबू नायल म्हणाले. “जे मागाल ते दिलं.”

लुआय गोंधळला. तो द्यायला आला होता. पण समाज आपणहून पुढे येत असेल तर त्याला अडवू नये, असं त्याच्या प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. त्याने कागद चाळले. “तसं बघितलं तर काका, खोदकाम आणि पाइप गावाने करावेत अशी आमची अपेक्षा असते. लोकसहभाग म्हणून.”

“दिलं. प्या.”

“मी कॉफी पीत नाही, काका.”

पाहुणा अजून राजी नाही, हे सगळ्यांना कळलं. अबू नायलनी वाहतूक देऊ केली. मग मिस्त्रीची मजुरी, मग विजेची तार. कप जागचा हलेना. प्रथा काय ती त्याला सांगून टाकू, असं कुणीतरी कानात पुटपुटलं. पण आपल्या घरात बसलेल्या पाहुण्याला ‘तुमचं चुकतंय’ म्हणण्यापेक्षा पंप गेलेला परवडला, असं अबू नायलचं मत पडलं. शेवटी त्यांनी डोळे मिटले.

“पंपही आमचाच. आता तरी प्या, बाळा.”

लुआयचे डोळे भरून आले. असा समाज प्रबंधात कुठे सापडला नव्हता. मनातल्या मनात डॉक्टरांची माफी मागून त्याने एक घोट घेतला.

“बरं झालं प्यायला,” पडद्याआडून अबू नायलच्या बायकोचा, उम्म नायलचा आवाज आला. “अजून घटकाभर बसला असता तर विहीरही घेऊन गेला असता.”

गावाने मेंढ्या विकल्या आणि पंप बसवला. प्रतिष्ठानाने आपला वाटा म्हणून संगमरवरी पाटी पाठवली: ‘रफ्रूफकडून सप्रेम भेट’. पाटी बसवायला भिंत लागते, तीही गावाने बांधली. नळाला पाणी आलं. बायांनी घागरी माळ्यावर टाकल्या.

तिकडे राजधानीत, अमानमधल्या प्रतिष्ठानाच्या कचेरीत मात्र खळबळ उडाली. लोकसहभाग शंभर टक्के आणि प्रतिष्ठानाचा भार शून्य, असा प्रकल्प आजवर कुणालाच जमला नव्हता. लुआयला बढती मिळाली. त्याची पद्धत नियमावलीत घालण्यात आली: ‘अधिकाऱ्याने कप जमिनीवर ठेवून शांत बसावे. समाज आपोआप सक्षम होतो.’ नव्या भरतीत पित्ताचा विकार असलेल्या उमेदवारांना प्राधान्य मिळू लागलं.

उद्घाटनाला खुद्द संचालिका मादाम जुमान येणार असं कळलं, तेव्हा उम्म नायलने घरातली कॉफी पार शेजारच्या गावी पोचवली. पाहुणीला सेजच्या रानपाल्याचा चहा द्यायचा. चहाला प्रथा नाही, चहापायी आजवर कुणाची बहीण गेलेली नाही. गावाने तिच्या अकलेची तारीफ केली. मादामनी चहा घेतला, छान झालाय म्हणाल्या, आणखी मागून घेतला. मग मोटारीतून अमानहून आणलेला कागदी पेला मागवला, त्यातली स्वतःची कॉफी नियमावलीनुसार जमिनीवर ठेवली आणि शांत बसल्या.

पाहुणीने घरून आणलेली कॉफी यजमानाला बांधील करते का, यावर जाणत्यांत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, कागदाचा कप हा कपच नव्हे. अबू नायलनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. “कॉफी कुणाचीही असो,” ते म्हणाले, “निवतेय माझ्या छपराखाली. मागा, मादाम. दिलं.”

मादामची अडचण साधी होती. नळाला पाणी आल्यामुळे गावाचा प्रश्न सुटला होता, आणि प्रश्न सुटलेल्या गावाचा चिवटपणा दाखवायचा कसा? देणगीदार बघायला येणार, अहवालाला फोटो लागणार. तेव्हा पाहणीच्या दिवशी पंप तेवढा बंद ठेवावा आणि बायांनी झऱ्यावरून पाणी आणावं. हसत.

“हसत?” उम्म नायल पडदा सारून बाहेर आली.

“किंचित हो, ताई. चिवट हसू.”

“तो चढ चढून आलं की धापेनं तोंड उघडंच पडतं. फोटोत तेच हसू म्हणून खपवा.”

मादामनी ही सूचना आभारपूर्वक लिहून घेतली.

सुरुवातीला पाहणी महिन्यातून एकदा असायची. मग गादीविक्रेत्यांची सहल आली, शाळांच्या बस आल्या, परदेशी तज्ज्ञ आले. आता शुक्रवार सोडला तर रोज पाहणी असते. शुक्रवारी पंप सुरू ठेवायला प्रतिष्ठानाची हरकत नाही, पण त्या दिवशी पंपवाल्याला सुट्टी असते. पंप अजून कोरा करकरीत आहे. ‘टिकाऊपणा’ या सदरात त्याला पैकीच्या पैकी गुण मिळालेत.

उम्म नायलने एकदा नवऱ्याला स्पष्ट विचारलं, की हे कधी थांबणार. दिलेला शब्द मागे घेता येत नाही, असं अबू नायलनी सांगितलं.

“शब्द तुम्ही दिलात,” ती म्हणाली, “आणि घागर माझ्या डोक्यावर.” एवढं बोलून ती निघाली, कारण बस आली होती.

रफ्रूफच्या प्रत्येक गादीवर आता तिचा फोटो असतो आणि खाली ओळ असते: ‘तुम्ही झोपता, तेव्हा एक गाव पाणी पितं.’ तुमच्याकडे ती गादी नसेल. पण असाच फोटो असलेला एखादा साबण किंवा चहाचा पुडा तुम्ही चार पैसे जास्त देऊन घेतला असेल, आणि घरी येईपर्यंत तुम्हाला बरं वाटलं असेल. वाटू द्या. तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच तर पंप बंद आहे. कधी आमच्या गावी यावंसं वाटलं, तर जरूर या. फक्त आधी कळवा. बायांना रिकाम्या घागरी घेऊन खाली उतरायला वेळ लागतो.