वस्तू क्रमांक चारशे बारा

समितीच्या माननीय सभासदांनो, चूक तुमची आहे. कुत्र्याची नाही, आणि मामांची तर मुळीच नाही. एकाच कागदावर, एकाच सहीने तुम्ही दोन हुकूम काढलेत. पहिला, ‘माणसाचा सर्वांत जुना मित्र’ हे नवं दालन सोमवारी उघडायचं. दुसरा, आवारातला भटका कुत्रा शनिवारी हटवायचा. सही करताना हात नाही तर नाही, निदान पेन तरी अडखळायला हवं होतं.

तो कागद संग्रहालयाच्या फाटकावर मामांच्या हातात पडला. मामा म्हणजे पहारेकरी. एकवीस वर्षं एकाच स्टुलावर बसून त्यांनी स्टुलालाही पहारा शिकवला होता. माझ्या हद्दीत मुंगी शिरली तरी मला विचारून शिरते, असं ते येईल त्याला ऐकवत. कुत्रा मात्र न विचारता आला. सात वर्षांपूर्वी आला आणि सरळ मामांच्या उजव्या बुटावर बसला. तेव्हापासून ती त्याची जागा. रंग मळक्या खोडरबरासारखा, आणि मामांचा डबा असा चाटून पुसायचा की आत काय होतं याचा पुरावा उरत नसे. म्हणून नाव खोडरबर.

शनिवारी सकाळी कुत्रे धरणारी गाडी येणार होती. त्या गाडीतून गेलेला कुत्रा परत आलेला कुणी पाहिला नव्हता. घरी न्यावा तर मामांची खोली भाड्याची, आणि घरमालकाला भिंतीवर मांजराचं कॅलेंडरसुद्धा चालत नसे. मग मामांनी बेत केला. बेत इतका चोख की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. गाडीवाले धुंडाळणार आवार. नवं दालन सोमवारपर्यंत बंद. किल्ली मामांकडे. झालं तर मग!

दालनात समितीने एक गुहा उभारली होती. आत प्लास्टरचा आदिमानव उकिडवा बसलेला. त्याच्यापुढे खोटी शेकोटी, म्हणजे लाल कागद आणि खाली चांगला तापणारा दिवा. शेजारी पहिल्या कुत्र्याची जागा रिकामी, कारण पुतळेवाल्याला काचेचे डोळे मिळत नव्हते. भिंतीवर विद्वानांचे फलक. मामांनी खोडरबराला दोन फलक वाचून दाखवले. हजारो वर्षांपूर्वी काही लांडगे उष्ट्याखरकट्याच्या वासाने माणसांच्या वस्तीजवळ सरकत आले असावेत, जे कमी बुजरे ते राहिले, असं पहिल्यावर होतं. दुसऱ्यावर एका फार जुन्या कबरीचं चित्र. माणसांशेजारी पुरलेलं एक पिल्लू. ते आजारी होतं, आणि कुणीतरी आठवडेच्या आठवडे त्याचं केलं असणार. मामा तिथे जरा रेंगाळले. खोडरबराच्या पायावरून सायकल गेली होती तेव्हा त्यांनीही तीन आठवडे चमच्याने दूध पाजलं होतं.

“बघ, ही तुझी भावकी,” ते म्हणाले.

पण खोडरबर केव्हाच गुहेत शिरला होता. आदिमानवाला हुंगून त्याने पास केलं आणि शेकोटीच्या उबेला, त्या प्लास्टरच्या पायावर हनुवटी टेकून डोळे मिटले. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं.

गाडी आली, आवार पालथं घालून रिकामी गेली. मामा शीळ घालत स्टुलावर बसले. मात्र एक गोष्ट ते विसरले होते. दालनाची दुसरी किल्ली भाऊसाहेबांकडे होती.

भाऊसाहेब म्हणजे नोंदणी कारकून. त्यांचा नियम साधा. इमारतीत जे जे आहे त्याला क्रमांकाची चिठ्ठी, आणि चिठ्ठी लागली की ती वस्तू समितीच्या तीन सह्यांशिवाय जागची हलायची नाही. एकदा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तर सवयीने त्यालाही क्रमांक पडला. तो सोडवायला दीड महिना गेला. तेव्हापासून ते चष्म्याशिवायच काम करत.

दुपारी मामा डबा घेऊन गेले तेव्हा खोडरबराच्या मागच्या पायाला चिठ्ठी होती. चारशे बारा. ती सोडवावी म्हणून ते वाकले, एवढ्यात दारात पुतळेवाला आला, काखेत पेंढा भरलेला पहिला कुत्रा घेऊन, आणि मागोमाग भाऊसाहेब. मूर्ती मी घेऊ शकत नाही, भाऊसाहेबांनी त्याला सांगितलं. तुमचा कुत्रा सकाळीच मिळाला, नोंद झालीय.

“अहो, मिळाला कसला? हा श्वास घेतोय!”

“नोंदवहीत श्वासाचा रकाना नाही,” भाऊसाहेब म्हणाले.

पुतळेवाला तणतणत पहिला कुत्रा घेऊन परत गेला. मामांनी चिठ्ठीला हात लावला नाही. त्यांना एकदम कळलं होतं की ज्याला क्रमांक आहे त्याला कुठलीही गाडी नेऊ शकत नाही. रविवारी ते इतके खुशीत होते की त्यांनी घरमालकालाही नमस्कार केला.

सोमवारी पाहुणे आले. समितीचे अध्यक्षसाहेब गुहेपुढे उभे राहिले आणि म्हणाले की माणसाने बुद्धीच्या जोरावर एका हिंस्र श्वापदाला आपल्या पायाशी आणून बसवलं. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी वस्तू जागी झाली. तिने पुढचे पाय ताणले आणि कानापर्यंत जांभई दिली. यंत्र छान बसवलंय, असं एक पाहुण्या बाई म्हणाल्या. वस्तू गुहेतून उतरली, अध्यक्षांच्या शेजारून, गर्दीच्या पायांतून वाट काढत दाराशी गेली आणि मामांच्या उजव्या बुटावर बसली.

“हा तोच भटका कुत्रा ना?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही साहेब,” भाऊसाहेब डोळे बारीक करून म्हणाले, “ही चारशे बारा आहे. जागेवरून हलली आहे.”

मंगळवारी मामांना दोन कागद आले. एकात, भटका कुत्रा चोवीस तासांत आवाराबाहेर काढा, नाहीतर नोकरी जाईल. दुसऱ्यात, वस्तू क्रमांक चारशे बारा चोवीस तासांत जागेवर ठेवा, नाहीतर नोकरी जाईल. दोन्हींवर तीच सही.

सभासदांनो, मामांना खुलासे लिहिता येत नाहीत, म्हणून मी लिहितोय. त्याला कुणी पायाशी आणून बसवलं नव्हतं, हे तुमच्याच भिंतीवर लिहिलंय. तो आपण होऊन आला. त्यानंतर माणसाचं काम एवढंच होतं की पाय काढून घ्यायचा नाही. ते मामांनी केलं. तुम्ही काय केलंत?

चोवीसपैकी एकवीस तास संपलेत. मामा स्टुलावर आहेत, चारशे बारा बुटावर आहे, आणि मामांच्या पायाला केव्हाच्या मुंग्या आल्यात. पण वस्तू हलवायची तर तीन सह्या लागतात. तुम्ही त्या करणार आहात की नाही, तेवढं कळवा.