दोरीवरचे सासरे

माझे सासरे कुणाच्या मयतीला गेले तरी आधी फोटोची काच पुसतात. हारबीर नंतर. तोंड फोटोजवळ नेतात, 'हाऽऽ' करून वाफ सोडतात, खांद्यावरच्या दस्तीनं दोन फेर मारतात, मान तिरपी करून उजेडात बघतात आणि मगच हात जोडतात. रडणारी माणसं रडायची थांबून त्यांच्याकडं बघायला लागतात. मागं मी उभा असतो आणि मनात म्हणतो, धरणीमाते, आता तरी पोटात घे.

त्यांना सगळे अण्णा म्हणतात. गाव देवगाव रंगारी, पण उभी हयात या शहरात काचा पुसण्यात गेली. सुरुवात औरंगपुऱ्यातल्या कापडदुकानांच्या काचांपासून झाली. पुढं जालना रोडला काचेच्या इमारती उठायला लागल्या तसे अण्णा दोरीवर चढले, ते काही उतरायचं नाव घेईनात. साठी कधीच ओलांडलीय. काचा पुसण्याची एजन्सी माझी आणि कामगार ते. म्हणजे मी मालक आणि सासरा माझा नोकर. वैऱ्यावरसुद्धा अशी वेळ येऊ नये. नोकराला झापता येतं हो, सासऱ्याला कसं झापणार?

"जावईबापू, तुमी मालक. तुमचा शबूद मोडायचा नाय मला," असं हात जोडून म्हणतात आणि लगेच मोडतात.

हे प्रकरण सोपं नाही हे मला लग्नाआधीच कळायला हवं होतं. मंगलला बघायला गेलो तेव्हा अण्णांनी 'या, बसा' म्हणायच्या आधी माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. "लई मळलाय," म्हणाले आणि कोपऱ्यात जाऊन पुसत बसले. तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली, बसली, उठली, आत गेली. मला चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचं दिसत नाही. माझी बायको मी पहिल्यांदा बघितली ती एक पिवळा धब्बा म्हणून. होकार दिला तो निव्वळ अंदाजानं. अंदाज चुकला नाही, हे मंगल वाचणार आहे म्हणून नव्हे, खरंच सांगतो.

आता अण्णांची कामाची रीत ऐका. बादलीत पाणी, पाण्यात शॅम्पूची एक पुडी. ओल्या पॅडनं काच भिजवायची, मग रबरी वायपर वरून खाली नागमोडी ओढत आणायचा, हात मधे उचलायचा नाही. कडा दस्तीनं कोरड्या करायच्या. कबुतरांची घाण आणि वाळलेलं सिमेंट पात्यानं खरवडायचं. एवढं झालं की कमरेचा बेल्ट आवळून, भिंतीला पाय लावून, अंग मागं सोडून काच तिरपी बघायची. "काच दिसली म्हंजी काम बिघडलं!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काच दिसतच नाही अशी झाली की मग पुढच्या काचेकडं.

हेही मी चालवून घेतलं असतं. पण अण्णांना काचेच्या आतल्या माणसांची फिकीर लई. चौथ्या मजल्यावर बाहेर लटकलेला म्हातारा टकटक करतो आणि खुणेनं सांगतो, तुमचा चहा गार झाला. एकदा मीटिंग चालू असताना साहेबांच्या खुर्चीमागं टकटक केली. सगळे दचकले. काय झालं, आग लागली का, म्हणून खिडकी उघडली तर अण्णा म्हणतात, "त्या पोराचा डोळा लागलाय. बोलू नका त्याला, लेकरू रातभर जागलेलं दिसतंय." त्या पोराचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. मला मात्र फोन आला, आणि तो इथं छापण्यासारखा नाही.

मग एका उन्हाळ्यात दुपारी वावटळ उठली. अण्णा तिसऱ्या मजल्यावर. वाऱ्यानं दोरी अशी झोकली की ते भिंतीवर आदळले, कोपर सोलून निघालं, बादली खाली रस्त्यावर. खाली कुणी नव्हतं हे नशीब. अण्णा हसत उतरले. रात्री आमच्या घरी येऊन तो किस्सा अंगविक्षेपासकट रंगवून सांगितला. ते गेल्यावर मंगलनं ताट बाजूला सारलं.

"तुम्ही अण्णांना खाली उतरवा," ती म्हणाली. "मला आई नाही. बापाला दोरीवर घालवायचं नाहीये मला."

घरी बसा म्हटलं तर अण्णा ऐकणार नाहीत. आमच्याकडं राहायला या म्हटलं तर, "जावयाच्या दारात बसून खाऊ व्हय?" आणि औरंगपुऱ्यातल्या आपल्या एका खोलीत स्वतःच्या हातानं भाकरी थापतात. म्हणून मी डोकं चालवलं आणि पोल आणला.

हा पोल म्हणजे एकात एक सरकणारा लांबलचक हलका दांडा. टोकाला ब्रश, आतून पाण्याची नळी. माणूस जमिनीवर उभा. ब्रश वर जातो, काच घासतो, तिथूनच पाणी सुटतं, काच धुऊन निघते. पुसायचीच नाही. ओली सोडायची, आपोआप वाळते. अट एकच, पाणी अगदी शुद्ध पाहिजे. क्षार असले की डाग पडलेच. त्यासाठी फिल्टरचं यंत्र आणि एक मोठा ड्रम सोबत. चार-पाच मजल्यांपर्यंत ना दोरी, ना बेल्ट, ना रात्री मंगलचं तोंड बघायची भीती.

अण्णांनी पोलाभोवती एक चक्कर मारली आणि नाव ठेवलं, "उंटीण."

"अण्णा, जीव वाचतो माणसाचा."

"वाचतोय, व्हय. नाय कोण म्हणलं? पण कोपऱ्यातली घाण कशी निघंल? सिमेंट खरवडंल का ही? आन् ओली काच तशीच सोडून जायची? नाहलेलं लेकरू न पुसता उन्हात उभं केल्यावानी?"

"वाळते ती आपोआप!"

"आन् जावईबापू, नळाला आठ-आठ दिस पाणी नाय या गावात. बाया हंडे घिऊन टँकरमागं पळत्यात. आन् तुमी फिल्टरचं पाणी भिंतीवर वतणार?"

यावर मी नुसता आवाज चढवला. शेवटी ठरलं, एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे. जालना रोडवरच्या ज्या पाच मजली इमारतीचं काम आमच्याकडं होतं, तिथले मॅनेजर कुलकर्णी साहेब तयार झाले. डावी बाजू अण्णांची, दोरीवरून. उजवी बाजू माझी, उंटिणीची. पोल जिंकला तर अण्णांनी दोरी सोडायची. अण्णांनी मंगलच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. मी तर मनातल्या मनात पेढेसुद्धा वाटले.

त्या दिवशी सकाळी मीटरनं ड्रममधले क्षार मोजले, पाणी अगदी शुद्ध. वरच्या निम्म्या काचा झाल्या. मी चहा प्यायला गेलो, आलो, उरलेल्या निम्म्या केल्या. अण्णा अजून तिसऱ्या मजल्यावर कुठल्याशा बाईला तिच्या कुंडीत पाणी कमी पडतंय असं खुणेनं समजावत होते. मी खाली खुर्ची टाकून ऐटीत बसलो. ऊन चढलं. माझ्या काचा वाळायला लागल्या.

वरच्या काचा लखलखीत. आणि खालच्या दोन मजल्यांवर पांढरे ठिपके उमटायला लागले. आधी चार-दोन, मग सगळीकडं. बघता बघता काचेला देवी आल्या. कुलकर्णी साहेब चष्मा वर सारून बघत राहिले. मी धावत जाऊन ड्रममधलं पाणी मोजलं. बोअरचं! खारट, जड, नुसते क्षार.

झालं होतं असं. त्या आठवड्यात इमारतीला नळाचं पाणी आलेलं नव्हतं. मी नसताना कॅन्टीनच्या रझियाआपांना फिल्टरच्या पाण्याचा निम्मा उरलेला ड्रम दिसला. त्यांनी चहाला, प्यायला म्हणून हंडा भरून नेला, मग दुसरा नेला. आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं ठेवायचं नाही ही चांगल्या घरची रीत, म्हणून बोअरच्या पाण्यानं ड्रम काठोकाठ भरून ठेवला.

"भय्या, खाली डब्बा कैसा छोडती मैं?" त्या म्हणाल्या. "पूरा भर के रखी ना!"

वर माझ्याच हातात त्या पाण्याचा चहा दिला. चहा फक्कड झाला होता. मला रडायला येत होतं.

कुलकर्णी साहेबांनी निकाल दिला. "ते यंत्र तुम्ही घरी ठेवा. आम्हाला अण्णाच पाठवत जा." अण्णा उतरले, माझ्या बाजूच्या काचेजवळ गेले, 'हाऽऽ' केलं आणि दस्तीनं एक ठिपका पुसून बघितला. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मी हात टेकले. घरी मंगलला सांगितलं तेव्हा तिनं पुन्हा ताट बाजूला सारलं. आता वर्षानुवर्षं हेच. फोन वाजला की मंगल माझ्याआधी धावणार. वारा सुटला की मी आभाळाकडं बघत बसणार. मी देवाला नवस बोललो नाही, कारण काय बोलावं हेच कळेना.

नंतर दोनेक महिन्यांनी अण्णांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी खाटेवरून हलू नका म्हणून सांगितलं. दोरीवरची माझी बाकीची माणसं त्याच महिन्यात पुण्याला गेलेली. नळ कोरडा आणि टँकरचं पाणी असं गढूळ की फिल्टरच तुंबला, म्हणजे पोलही बाद. आणि कुलकर्णी साहेबांचा फोन, उद्या वरचे पाहुणे येणार, आज काचा झाल्या पाहिजेत, नाहीतर दुसरा माणूस बघतो. आता मला सांगा, काय करायचं? तरुणपणी मीही दोरीवर काम केलेलं होतं. मंगलला कळवलं नाही. अण्णांना फक्त फोन करून विचारलं, जादाची दोरी कुठं ठेवलीय?

मी बेल्ट बांधतोय तोवर रिक्षा येऊन थांबली. अण्णा लंगडत उतरले. म्हटलं, आता लागली वाट, दिवसभर खालून सूचना. पण एक शब्द नाही. गच्चीपर्यंत जिना चढून आले, माझी प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघितली, हूक बघितला, परत बघितला आणि खाली गेले.

चौथ्या मजल्यावरून मी खाली बघितलं. अण्णा फुटपाथवर उभे होते, इमारतीकडं पाठ आणि रस्त्याकडं तोंड. दस्ती तोंडावर धरलेली.

"अण्णा, डावा कोपरा निघाला का बघा की!"

ते वळले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली. दुसऱ्या मजल्यावरून मारली. रस्त्यावरची माणसं बघायला लागली, पण अण्णा जागचे हलले नाहीत. मला असा राग आला म्हणून सांगू! आयुष्यभर माझ्या कामात खोट काढली आणि आज पहिल्यांदा विचारतोय तर पाठ करून उभे. खाली पाय टेकले तसा मी भडकलोच.

"अण्णा, हाका मारून घसा बसला माझा! एकदा वर बघायला काय झालं होतं?"

त्यांनी दस्ती खाली घेतली. चेहरा पार उतरलेला.

"नाय बघवलं," ते म्हणाले. "उद्यापासनं उंटीण मीच धरतो. दोरी जाळून टाका. तुमी बी चढायचं नाय."

हेच ऐकायला मी किती तडफडलो होतो. आनंदानं उडी मारायला हवी होती. पण ते माझ्याशी बोलत नव्हते, रस्त्याशी बोलत होते.

"मंगलची माय डबा घिऊन यायची. रोज. आन् अशीच बसायची, इमारतीकडं पाठ करून. मी वरनं वरडायचो, अगं बघ की, काच बघ कशी झालीय! एकदा बी वळून बघितलं नाय तिनं. मला वाटायचं, हिला आपल्या कामाची कदर नाय. चार माणसांत बोललो तसं. तिला बी बोललो. लई टोचून बोललो, जावईबापू. गप ऐकून घ्यायची. भ्या वाटतं म्हणून कधी म्हणली नाय."

त्यांनी दस्तीची घडी घातली, मोडली.

"वर भ्या नसतंय. सगळं भ्या खाली असतंय. मला काय म्हाईत? मी कधी खाली उभाच राहिलो नाय." त्यांनी दस्तीनं डोळे पुसले. "आज कळलं. आता कुणाला सांगू?"

कमरेचा बेल्ट तसाच बांधलेला ठेवून मी त्यांच्या शेजारी, रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो.