नको असलेल्या आवाजाचे नमुने

“कृपया दारापासून दूर राहा,” असं ती सकाळपासून बंद खोलीत एकटीच, अतिशय गोड आवाजात म्हणत होती. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीला लिफ्टमध्ये बोलणारा आवाज हवा होता. कंपनीच्या पानावर जायचं, लाल बटण दाबायचं आणि वाक्य म्हणायचं. मिनिटभरानं रेकॉर्डिंग आपोआप कंपनीकडे जाणार होतं. संधी एकदाच, आणि मुदत आज संध्याकाळपर्यंत.

तिला हे काम मनापासून हवं होतं. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. घरात तिचं कुणी ऐकत नसे. कुणी वाईट वागायचं अशातला भाग नाही. तिचा आवाज मुळात हळू आणि घरातले दोन्ही पुरुष आपल्याच नादात. लिफ्टमध्ये कोंडलेला माणूस जाणार कुठे, तो तरी ऐकेल, असा तिचा साधा हिशेब होता.

पण कॉम्प्युटर हटून बसला होता. माउस हलवावा तर बाण दोन घोट चहा पिऊन झाल्यावर हलायचा. लाल बटण तिनं दाबलं, पुन्हा दाबलं, वैतागून पाच-सहा वेळा दाबलं. ढिम्म. आधी सरावासाठी एक वाक्य रेकॉर्ड केलं होतं, ते तिनं ऐकून पाहिलं. तिचा आवाज त्यात नव्हताच. होता फक्त पलीकडच्या खोलीतला सासऱ्यांचा खोकला, तोही घुमणारा आणि विलक्षण सुरेल.

“व्हायरस,” नवरा दारातूनच म्हणाला.

“आत येऊन बघा तरी.”

“बघायचं काय त्यात? लक्षणांवरूनच कळतं.”

नवऱ्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असा घरात समज होता आणि तो पसरवण्याचं काम त्यानं स्वतःच केलं होतं. त्यानं कॉम्प्युटर बंद करून चालू करायला घेतला. तो बंदच होईना. मग त्यानं मागचं झाकण उघडून ब्रशनं धूळ झटकली. तो ब्रश सासऱ्यांचा दाढीचा निघाला. ते ओरडत आले, “अरे, उद्या मी काय झाडूनं दाढी करू?” त्यातून सुटल्यावर नवऱ्यानं जाहीर केलं की जागा कमी पडते आहे, जुने फोटो काढून टाकू. सुरुवात त्यानं तिच्या माहेरच्या फोटोंपासून केली.

“उठा,” ती म्हणाली. नवऱ्यानं ऐकलं नाही. तिनं खुर्चीच मागे ओढली, तेव्हा उठला.

कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे ते तिनं शांतपणे उघडून पाहिलं. एकाच माइकवर तीन प्रोग्राम बसले होते.

“बाबा, हा आवाज वाढवणारा तुमचा का?”

“काय?”

“आवाज वाढवणारा,” ती जवळ जाऊन म्हणाली. “तुमचा?”

“हो, मीच टाकला. माझ्या ताईशी बोलताना लागतो. तिला हल्ली कमी ऐकू येतं.”

“आवाज गोड करणारा माझा,” तिनं कबूल केलं. “आणि हा तिसरा? गोंगाट पुसणारा?”

नवऱ्याला एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

“तुमचा ना? अहो, मग बरोबर आहे. तुमचा प्रोग्राम आवाज पुसतो. उरलंसुरलं जे असेल ते बाबांचा मोठं करतो. माझा त्याला गोड करतो. मग तुमच्याला वाटतं, हा आणखी कुठला नवा गोंगाट? की तो पुन्हा पुसायला बसतो. कॉम्प्युटर बिचारा दिवसभर ह्या तिघांची भांडणं सोडवतोय.”

“म्हणजे त्याला संसार लागलाय,” सासरे म्हणाले आणि ब्रश धुवायला निघून गेले.

तिनं आपला आणि सासऱ्यांचा प्रोग्राम बंद केला. कॉम्प्युटरनं सुटकेचा निःश्वास टाकावा तसा पंखा हळू झाला, आणि बाण पहिल्यासारखा पळू लागला.

“झालं तर मग,” नवरा घाईनं म्हणाला. “तिसरा मी करतो बंद, तू जा.”

“थांबा. पण माझंच वाक्य का पुसलं जातं? बाबांचा खोकला बरा राहतो.”

तिनं तिसरा प्रोग्राम उघडला. त्यात एक पान होतं: नको असलेल्या आवाजाचे नमुने. तिनं पहिला वाजवला. मिक्सर. दुसरा, दारावरची घंटा. तिसरा वाजवला आणि खोलीत तिचाच आवाज आला, “अहो, ऐकलंत का?” चौथा, “अहो, दूध उतू जातंय.” पाचवाही तीच, “अहो, जेवायला येताय ना?”

हळू आवाजाचा माणूस ऐकू येत नाही, हे तिला पटलेलं होतं. आपल्याला मिक्सरच्या रांगेत बसवलं आहे, हे तिला आजच कळत होतं.

“अगं, मीटिंग चालू होती,” नवरा एकेक पाऊल मागे सरकत पुटपुटला. “ते दुधाचं साहेबांनी ऐकलं. सगळे हसले गं. प्रोग्राम म्हणाला नमुने द्या, मी दिले.” बोलता बोलता तो दारापर्यंत पोचला होता. एक पाय आत, एक पाय बाहेर.

“दारात उभं राहायचं नाही!” ती कडाडली. “आत यायचं तर आत या, बाहेर जायचं तर बाहेर व्हा! मध्ये पाय ठेवायचा नाही!”

नवरा टुणकन आत आला. पाठोपाठ सासरेही आले, अर्ध्या धुतलेल्या ब्रशासह. “मला बोलावलंस?” त्यांनी विचारलं. त्यांना पलीकडून स्वच्छ ऐकू गेलं होतं.

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली: आपला आवाज मिळाला. आभारी आहोत.

मघाशी पाच-सहा वेळा दाबलेलं लाल बटण कॉम्प्युटरनं विसरलेलं नव्हतं. सवड मिळताच त्यानं मागच्या मागे मिनिटभर रेकॉर्डिंग केलं होतं आणि पाठवूनही दिलं होतं. ती मटकन खुर्चीत बसली.

“गेलं,” ती म्हणाली. आवाज पुन्हा हळू झाला होता. “एवढं एकच मागत होते.”

नवऱ्याला खरोखर लाज वाटली. त्यानं तो प्रोग्राम मुळासकट काढून टाकला आणि, कुणी न सांगता, दूध तापवायला गेला.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. “बाई, गोड आवाज ढिगानं आले,” पलीकडचे गृहस्थ म्हणाले. “त्यांचं कुणी ऐकत नाही. लोक दारात पाय अडकवून गप्पा मारतात. तुमचा लावून बघितला, तर आमचे मोठे साहेब फाइल टाकून आत पळाले. सुरुवातीला कुणीतरी काहीतरी पुटपुटतंय, तेवढं आम्ही कापतो.”

आवाज इतका स्वच्छ आला होता, ह्याचं गृहस्थांना कौतुक वाटत होतं. त्याचं कारण सोपं होतं. गोंगाट पुसणाऱ्याकडे तिच्या हळू बोलण्याचे तीन नमुने होते. ओरडण्याचा एकही नव्हता, कारण त्याआधी ती कधी ओरडलीच नव्हती.

काही महिन्यांनी नवऱ्याच्या ऑफिसात नवी लिफ्ट बसली. पहिल्याच दिवशी तो साहेबांबरोबर खाली निघाला. लिफ्टच्या दारात एक पाय आत, एक बाहेर ठेवून त्यानं पगारवाढीचा विषय काढला.

“दारात उभं राहायचं नाही!” छत कडाडलं.

“आलो, आलो गं!” म्हणत तो आत उडाला. मग भान येऊन ओशाळला. “माफ करा, साहेब. घरचाच आवाज आहे.”

त्यानं वळून पाहिलं. साहेब त्याच्याही आधी आत येऊन, कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे होते.