मेण्यातला ड्रायव्हर आणि कोंडेवाडीचे पाणी

श्री. जे डोळ्यांस दिसत नाही आणि बंद पडल्यावरच ज्याची आठवण होते, त्या नेटवर्कास नमन असो. शके १९४१, विकारी नाम संवत्सरी, श्रावणमासी, एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. नदीवर सरकारचे धरण होते, आणि पाणी सोडण्याआधी काठच्या गावांत भोंगा वाजे, आणि भोंग्याचे पेटीत बिनतारी कार्ड असे, आणि त्या कार्डास बोलते करणारी आज्ञावली, जीस ड्रायव्हर म्हणत, तो ड्रायव्हर कंपनीबहादरांनी झाकल्या मेण्यात बसवून पाठविला होता. आत डोकावून कोणी लिखाण वाचू नये ऐसा करार. बिनतारी खात्याचे कारभारी विसाजीपंत यांनीच तो पसंत केला, आणि चावडीवर दहाजण मिळून, कोणीही वाचावा ऐसा उघडा ड्रायव्हर फुकट रचितात त्यास "फुकटास अब्रू काय?" ऐसे भर दरबारी बोलून वाहवा मिळविली.

मग सरकारचे मर्जीस आले आणि सर्व पेट्यांत नवी प्रणाली बसविली, आणि मेण्यातला ड्रायव्हर तिच्याशी जुळेना, मुकाच जाहला. धरण तुडुंब, भोंगे गप्प. धरणाखालचे पहिले गाव कोंडेवाडी, आणि तेथे पंतांची थोरली बहीण राहात असे, आणि भोंगा वाजल्याखेरीज घर सोडायचे नाही ऐसा तिचा हट्ट. पंत धावत कंपनीचे वकिलांकडे गेले.

वकील बोलिले, "ते कार्ड जुने जाहले, पंत. नवे घ्यावे."

"मग मेणा तरी उघडा. आम्ही दुरुस्त करितो."

"आमचे घराण्यात ती रीत नाही," ऐसे बोलून वकिलांनी विडा पुढे केला.

मग पंत तोंड पाडून चावडीवर गेले. तेथे सगुणाबाई पाटणकरीण, कसबात थोर आणि जिभेने तिखट. "यावे. अब्रूवाले आज इकडे कसे?" ऐसे पुसून बाईंनी ड्रायव्हर लिहून दिला. परंतु चावडीचा रिवाज ऐसा की, इतरांनी खोड काढल्याखेरीज काम मंजूर होत नाही. मग लिखाणात कंसाआधी रिकामी जागा सोडावी की न सोडावी यावरून दोन तट पडले, आणि एकमेकांच्या अकला निघाल्या, आणि तिकडे पाणी धरणाचे दरवाजांस लागले. पंत रडकुंडीस येऊन बोलिले, "मायबाप, जागा मागाहून सोडा. माझी बहीण बुडते." तेव्हा बाईंनी दोन्ही तटांस दटावून ड्रायव्हर पेट्यांत घातला, आणि भोंगे वाजले, आणि कोंडेवाडी टेकडीवर चढली. पंतांची बहीण सर्वांमागून, भोंग्यास उशीर का म्हणून कुरकुरत आली. घरांत पाणी शिरले, माणूस एकही गेले नाही.

पुढे दरबारी प्रश्न निघाला, की आता कोणता ठेवावा. सगुणाबाई बोलिल्या, "उघडा ठेवा सरकार. बिघडला तर आत बघता तरी येईल."

वकील हसून बोलिले, "आणि बिघडला तर मान कोणाची धरावी?"

दरबाराने माना डोलाविल्या. पूर आला तेव्हा वकिलांची मान कोणी धरिली, हे पंतांचे अगदी ओठांवर आले; परंतु कारभारीपण जाईल या भयाने त्यांनी ते गिळिले, आणि "वकील बोलतात ते यथार्थ" ऐसे बोलून शिक्का केला. मग नवी कार्डे आली, नवे मेणे आले, ठायी ठायी बसले. कोंडेवाडीचे पेटीत मात्र पंतांनी चावडीचाच ड्रायव्हर गुपचूप राहू दिला.

सारांश, राज्यास मेणा आणि पंतांचे बहिणीचे गावास चावडी, ऐसी वाटणी जाहली. गोष्ट फुटायची ती फुटली. तेव्हापासून नदीकाठचे लोक सोयरीक जुळविताना शेत पुसत नाहीत, शिक्षण पुसत नाहीत, आणि मुलगा कोंडेवाडीचा असला तर तो कसाही असो, सुपारी फोडून मोकळे होतात.