तळमजला रिकामा करून घेण्याची माझी युक्ती

नवा भाडेकायदा आख्ख्या गल्लीत फक्त मी वाचलाय! चष्मा पुसून पुसून वाचलाय! आणि तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंना काढायचं कलम सापडलं तेव्हा या वयात पलंगावरून टुणकन उडी मारली. निवृत्त माणसाला दुपारी तासभर झोप लागते हो! आणि नेमकं तेव्हाच बाईंचं मशीन सुरू व्हायचं.

"कारण दिल्याशिवाय भाडेकरू काढता येत नाही," मी बायकोला वाचून दाखवलं. "पण मालकाला स्वतः राहायचं असेल तर काढता येतं!"

"तुम्ही राहणार खाली?"

"छे! नुसतं लिहायचं!"

"पुढचं पान वाचलंत का?"

पुढचं पान कोण वाचतं! त्याच दिवशी नोटीस दिली. बाई भांडतील म्हणून मी उत्तरं घोकून ठेवली होती, पण त्यांनी मुकाट्याने कागद घेतला. मला जरा कसंतरीच झालं.

खोली रिकामी झाली आणि दुसऱ्याच दिवशी भाडे कार्यालयातला कारकून दारात!

"इथे राहता?"

"म्हणजे काय! राहतोच!"

"मग दात घासायचा ब्रश कुठाय?"

मी खिसे चाचपले! त्याने पुढचं पान वाचलं. मालकाने वर्षभर खरोखर राहायचं, नाहीतर खोली बाईंना परत. संध्याकाळी पलंग, उशी, ब्रश घेऊन मी खाली. बायको हलली नाही.

"नोटिशीत माझं नाव कुठाय?" म्हणाली.

तरी मी खूश! दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाआधीच पांघरूण ओढलं, आणि डोक्यावर खडखडखडखड! छताचा चुना थेट नाकावर!

धावत वर गेलो. जिन्यालगतच्या आमच्या निजायच्या खोलीत मशीन! दारात बायको.

"तुमचा पलंग गेला, जागा झाली. बाईंना भाड्याने दिली. वरचा मजला माझ्या नावावर आहे ना!"

"बरं, बरं! आधी जेवायला वाढ. बाजूला हो, स्वयंपाकघरात जाऊ दे."

"वाट त्यांच्या खोलीतून आहे. भाडेकरूच्या खोलीत शिरायचं तर मालकालासुद्धा चोवीस तास आधी लेखी कळवावं लागतं. तुम्ही तर मालकही नाही!"

काय करणार? पायरीवर बसून अर्ज लिहिला: उद्या जेवायला येत आहे. बायकोने सही करून पोच दिली.

आतून बाई प्रेमाने म्हणाल्या, "काका, लवकर या हं! एकदा मशीन सुरू झालं की दार वाजवलेलं ऐकू येत नाही."