शेषरावाचं मडकं

शेषराव रोज पहाटे डोक्यावर मडकं घालून आमच्या तलावात उतरतो आणि गळाभर पाण्यात उभा राहतो. मडक्याला पुढून भोक, भोकातून कॅमेऱ्याचं नाक बाहेर. उजेड म्हणाल तर म्हैस दिसते पण शिंगं दिसत नाहीत, एवढाच.

माणूस ऊर्जानगरचा, वीजकेंद्रात पाळ्या करून रिटायर झालेला. "पाणी हालवू नका भाऊ," हे एकच वाक्य त्याच्या तोंडी. टपरीवर कोणी कप आपटला तरी तेच. स्वतःचा चहाही साय धरेपर्यंत तसाच ठेवून पाहत बसतो. आता असा माणूस सरळ कसा म्हणावा?

मला पहिल्या दिवसापासून संशय. आल्या आल्या त्याने पाच-सहा रिकामी मडकी पाण्यावर सोडली. लोक हसले, मी हसलो नाही. आम्ही ढीवर, तलावात मासे धरणारे. माझा बाप अडया, म्हणजे ती शिटी मारणारी रानबदकं, अशीच धरायचा. चार दिवस मडकी तरंगत ठेवायची, बदकांना सवय होते. पाचव्या दिवशी एका मडक्यात आपलं डोकं. हळूच जवळ जायचं आणि पाण्याखालून पाय ओढायचा. शेजारच्या बदकालाही कळत नाही. मीही केलं ते. लग्न झालं तशी बायको म्हणाली, "झोपलेल्याचा पाय काऊन ओढता जी?" आणि बदक चुलीवर चढवलंच नाही. तेव्हापासून सोडलं. गेल्या पोळ्याच्या आधी ती गेली. तिचा शब्द म्हणून राखायला माझ्याकडे तेवढाच उरला.

म्हणून मी काठावर बसून अडया मोजू लागलो. बेचाळीस होत्या. फोटो काढतो म्हणता, तर उजेडात का नाही काढत, असं त्याला विचारलं. म्हणाला, उन्हात पाणी चमकते, वारा सुटते. आत्ता कसं साय धरल्यावाणी राह्यते. चोरालाही अंधारच लागतो, हे मी तोंडावर बोललो. तो हसला. हसणाऱ्यावर माझा आणखीच भरवसा नाही.

एका पहाटे एकेचाळीस भरल्या. दुसऱ्या पहाटेही तेवढ्याच. तिसऱ्या दिवशी मी डोंग्याचा बांबू घेऊन पाण्यात शिरलो. तो पाठमोरा उभा, तासभर जागचा हललेला नाही. एक ठेवून दिला. मडकं फुटलं, सगळा थवा शिट्या मारत उठला. आणि शेषरावाच्या अगदी नाकापुढून आणखी एक अडई उडाली. बेचाळिसावी.

कपाळावरची खापरी काढत तो म्हणाला, "पाणी हाललं भाऊ." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

काठावर आल्यावर त्याने सांगितलं, "तीन दिसांपासून ते माह्या मडक्याले टेकून झोपत होतं. तुम्हाले इथून कसं दिसन?"

"मंग फोटो दाखवा त्याचा."

"इतक्या जवळचा निघत नाई."

"मंग तासतासभर उभे काऊन राहता?"

तो कॅमेरा पुसत राहिला. "रातभर धानात चरून येते ते. रातपाळी झाली न त्याची. मी जलमभर रातपाळ्या केल्या, सकाळी घरी येऊन कधी झोप लागली नाई. आता तं घरी कोणीच नाई. कोणी आपल्याले टेकून झोपलं, तं हालावं कसं?"

मी घरी गेलो. बायकोचा पाण्याचा मोठा माठ कोपऱ्यात पालथा होता. सुनेलाही मी त्याला हात लावू दिला नव्हता. तो नेऊन शेषरावापुढे ठेवला, म्हटलं पाडा भोक. त्याने बोटाने वाजवून पाहिला. कोणाचा, एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्याने भोक पाडलं नाही. माठ तसाच्या तसा पाण्यावर सोडला आणि माझ्याशेजारी काठावर येऊन बसला. दुसऱ्या दिवशीही तसाच बसला, तिसऱ्याही.

पाचव्या पहाटे एक अडई माठाजवळ आली. अंग टेकवलं, मान पंखात घातली. पाणी गप्प. काढा आता फोटो, म्हणून सांगायला वळणार, तर खांद्यावर वजन आलं. शेषरावाचं डोकं. कॅमेरा पिशवीतच.

खरंच झोपला की सोंग करतो, याचा मला संशय होता. तरी ऊन वर येईपर्यंत मी हाललो नाही.